गच्चीवरची बहस: गणित-भौतिकाच्या वादात पहिल्यांदा उतरताना

गेल्या वर्षी 21 जूनला दुपारी बाराच्या ठोक्याला मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मीटरभर लांबीची काठी उभी करून बसले होते. डोक्यावर ओला पंचा, हातात फूटपट्टी आणि काठी सरळ आहे की नाही ते बघायला गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा. आदल्या रविवारी इंदूरहून आलेल्या भाच्याशी जुंपली होती. तो म्हणाला, “मावशी, इंदूरला वर्षातून दोनदा, जूनच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी सावली पायाखाली गडप होते. मग ग्वाल्हेरला 21 जूनला होणारच की, तो तर सगळ्यात मोठा दिवस.” मी म्हटलं, नाही होणार. इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, आपण उत्तरेला. कर्कवृत्त 23.4 अंशांवर, ग्वाल्हेर 26.2 वर. सूर्य आपल्या डोक्यावर येता येता 2.8 अंश अलीकडेच राहतो. मीटरभर काठीची 5 सेंटिमीटर तरी सावली उरणार.

मोजली तर 9 भरली.

भाचा हरला हे खरं, पण माझे 5 तरी कुठे आले होते? मी वहीत माझ्या गणितावर काट मारली, शेजारी ‘चुकलं’ असं लिहिलं आणि खाली येऊन पंख्याखाली आडवी झाले. संध्याकाळी शेजारचे काका आले. ते रेल्वेत होते, सगळं आयुष्य वेळापत्रकात गेलेलं. वही बघून त्यांनी एवढंच विचारलं, “घड्याळाचे बारा, की सूर्याचे?”

भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे. ग्वाल्हेर 78.2 अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्याशी यायला घड्याळापेक्षा 17 मिनिटं उशीर होतो. शिवाय सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते, त्या आठवड्यात त्याची आणखी दोनेक मिनिटं. दुसऱ्या दिवशी 12 वाजून 19 मिनिटांनी पुन्हा वर गेले. 5 सेंटिमीटर, पेन्सिलीच्या टोकाएवढं इकडेतिकडे. गणित बरोबर होतं. मी मोजलं होतं ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी आठ-दहा मराठी माणसं गच्चीवर जमतात, थंडीत दुपारी उन्हाला. नववीतल्या मुलीपासून अठ्ठ्याहत्तरीच्या आजोबांपर्यंत. कुणीतरी गणिताचा किंवा भौतिकाचा एक प्रश्न आणायचा आणि त्यावर भांडायचं. पुण्याचे पाहुणे याला चर्चा म्हणतात. आमच्या मराठीत हिंदीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं असल्यामुळे आम्ही बहस म्हणतो, आणि तोच शब्द बरोबर आहे. मी स्वतः बँकेत होते, शास्त्र बारावीपुरतं. त्यामुळे ‘मला येईल का?’ असं विचारत जिन्यात घुटमळणाऱ्या नव्या माणसाला काय सांगायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. तेच इथे लिहिते आहे. सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: हा वाद कशाने मिटेल, ते वाद सुरू होण्याआधी ठरवायचं. बाकीच्या पायऱ्या त्याच्या पोटात येतात.

प्रश्न कागदावर, शब्दांना खुंटी

पहिलं काम म्हणजे प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून मधोमध ठेवायचा. तोंडी प्रश्न पाच मिनिटांत रूप बदलतो आणि कुणाला कळतही नाही. लिहून झाला की त्यातल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारायचं, “म्हणजे काय?” नव्या माणसाला हे विचारायची लाज वाटते. खरं तर बैठकीतला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच असतो, आणि तो नवं माणूसच सहज विचारू शकतं. जुने लोक शब्दांना सरावलेले असतात.

आमच्याकडचा सगळ्यात गाजलेला वाद पंचमाचा. आता ग्वाल्हेरच्या मराठी घरात गाण्यावरून भांडण होणार नाही असं कसं होईल! प्रश्न होता: सा पासून त्याचा पंचम घ्या, त्या पंचमाला सा मानून पुन्हा पंचम घ्या, असं बारा वेळा केलं तर परत सा वर येतो का?

पेटी वाजवणारे आमचे भाऊजी म्हणाले, येतो, यात विचारण्यासारखं काय आहे? पेटीवर पंचम म्हणजे सात पट्ट्या पुढे. बारा वेळा सात, 84. एका सप्तकात 12 पट्ट्या, म्हणजे 84 पट्ट्यांत बरोबर 7 सप्तकं. सा वर सा. त्यांनी बोट ठेवून मोजूनही दाखवलं, पेटी संपेल तिथे खालच्या सप्तकात येऊन.

आत्याने आयुष्यभर तानपुऱ्यावर सूर लावलेला. तिला ते पटेना. तिचं म्हणणं, जुळलेल्या पंचमाने चढत गेलं तर वरचा सा चढाच लागतो, कानाला टोचतो. यावर भाऊजी म्हणाले, कान दमला असेल. इथून पुढे जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. तासभर जुन्या मैफली निघाल्या, कोण कुठे बेसूर झालं होतं तेही निघालं.

वाद मिटवला नववीतल्या मुलीने. तिने विचारलं, “पंचम म्हणजे काय?” आत्या म्हणाली, सा च्या दीडपट कंपनं. मग मुलीने लिहिलं: दीडचा बारावा घात 129.75 च्या आसपास येतो. सात सप्तकं वर म्हणजे सात वेळा दुप्पट, म्हणजे 128. जमत नाही. आणि एवढ्यावर न थांबता तिने पुढची ओळ लिहिली, जी मला अजून आठवली की बरं वाटतं. दीड म्हणजे 3 भागिले 2, त्यामुळे बरोबर सा वर यायचं असेल तर 3 चा कुठलातरी घात 2 च्या कुठल्यातरी घाताइतका यायला हवा. पण तिनाने कितीही वेळा गुणलं तरी संख्या विषमच, आणि दोनाने गुणलं की सम. म्हणजे बाराच काय, बारा हजार पंचम चढलात तरी सा सापडणार नाही.

मग भाऊजींचे 84? तेही बरोबरच. पेटीचा पंचम दीडपट नसतोच. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून स्वर बसवलेले असतात, त्यामुळे पेटीचा पंचम 1.4983 पट, किंचित उतरा. सा 240 कंपनांचा धरला तर तानपुऱ्याचा पंचम 360 आणि पेटीचा 359.6. हा फरक ऐकताही येतो. तानपुऱ्याचा सा आणि पेटीचा पंचम एकत्र धरून ठेवले आणि कान दिला तर साधारण सव्वा सेकंदाला एक, असा आवाजाचा मंद हेलकावा जाणवतो. आम्ही गच्चीचं दार लावून, खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद करायला लावून तो ऐकला. आत्या आणि भाऊजी, दोघांचंही खरं होतं, फक्त ‘पंचम’ दोन होते.

यातून नव्या माणसाने उचलायची पुढची पायरी: प्रश्न गणिताचा आहे की भौतिकाचा, ते वेगळं करा. ‘दीडपट करत गेलं तर दुपटीच्या साखळीशी गाठ पडते का’ हा गणिताचा प्रश्न. तो कुठल्याही यंत्राने मिटणार नाही, कितीही बारीक मोजा. तिथे सिद्धताच हवी. ‘भाऊजींची पेटी दीडपटीचा पंचम देते का’ हा भौतिकाचा प्रश्न. तो पाटीवर मिटणार नाही, पेटी वाजवावी लागेल. निम्मे वाद मोजायच्या जागी सिद्ध करत बसल्याने किंवा सिद्ध करायच्या जागी मोजत बसल्याने लांबतात.

नियमात दडलेला चोर

शब्दांनंतर नियम. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाला आम्ही तीन वाट्यांचा खेळ देतो. तीन पालथ्या वाट्या, एकीखाली पेढा. तुम्ही एक निवडता. मी उरलेल्या दोनांतली एक उचलून दाखवते, रिकामी. मग विचारते, “आता वाटी बदलायची का?” दहातले नऊ म्हणतात, दोनच राहिल्या, निम्मी-निम्मी शक्यता, बदलून काय होणार?

बदलावी. बदललं तर पेढा मिळण्याची शक्यता दोन-तृतीयांश आहे. पहिली निवड तीनातल्या एका वेळी बरोबर असते, म्हणून उरलेल्या दोन वेळा पेढा दुसऱ्या गटात असतो, आणि त्या गटातली रिकामी वाटी मी तुमच्यासाठी आयती बाजूला काढलेली असते.

हे ऐकून राग आला तर संकोचू नका, चांगली संगत आहे. अमेरिकेत 1990 साली मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी ‘परेड’ साप्ताहिकातल्या आपल्या सदरात हेच उत्तर दिलं तेव्हा त्यांना सुमारे 10,000 पत्रं आली, बहुतेक ‘तुम्ही चुकलात’ सांगणारी. त्यांतली जवळपास 1,000 पीएच.डी. झालेल्यांची होती. पॉल एर्डिशसारख्या गणितज्ञालाही संगणकावर खेळ चालवून दाखवेपर्यंत पटलं नव्हतं. आम्ही संगणक वापरत नाही. साठ वेळा वाट्या फिरवतो आणि वहीत रेघोट्या मारतो. बदलणारा चाळीसच्या आसपास जिंकतो. पेढा मात्र एकच असतो आणि शेवटी तो कुणी खाण्यासारखा राहत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. एकदा एक गृहस्थ पेटून म्हणाले, “माझं निम्मंच खरं.” त्यांना नीट विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या डोक्यातला खेळच वेगळा होता. त्यांच्या खेळात वाटी उचलणाऱ्याला पेढा कुठे आहे ते ठाऊकच नव्हतं, त्याने अंदाजे उचलली आणि ती नशिबाने रिकामी निघाली. तो खेळ 300 वेळा मांडा. 100 वेळा पेढा तुमच्या वाटीखाली. उरलेल्या 200 वेळांपैकी 100 वेळा त्याच्या हातून पेढाच उघडा पडतो, ते डाव बाद. राहिले 100 आणि 100. निम्मी-निम्मी! समोर दिसणारं दृश्य तेच, तीच रिकामी वाटी, पण उचलणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं यावर उत्तर बदलतं. म्हणून शक्यतेच्या कुठल्याही प्रश्नात ‘कुणाला काय माहीत आहे’ आणि ‘कोण काय करायला बांधलेला आहे’ हे दोन्ही कागदावर उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते गृहस्थ हरले नव्हते. त्यांना कुणी नियम सांगितले नव्हते, आणि सांगायचं काम माझं होतं.

अशीच गत 0.999… आणि 1 यांची. हे दोन सारखे की 0.999… किंचित कमी? अकरावीतली मुलं यावर पोह्यांची ताटली गार होईपर्यंत भांडतात. तिथे विचारायचं एवढंच: ते तीन ठिपके म्हणजे काय? जो ‘कमी’ म्हणतो त्याच्या मनात कुणीतरी अजून नऊ लिहीत चाललेलं असतं आणि पोहोचलेलं नसतं. पण ठिपक्यांचा अर्थ चालणं नव्हे, चालून जिथे जवळ जवळ जातो ते ठिकाण. पटवायचं असेल तर आव्हान द्या: “फरक आहे म्हणतोस ना, किती ते सांग.” तो म्हणाला एक कोटीत एक, तर तुम्ही आठ नऊ लिहा, उरलेलं अंतर दहा कोटीत एक. त्याहून लहान सांगितला तर आणखी नऊ लिहा. त्याने सांगितलेला कुठलाही फरक टिकत नाही, म्हणजे फरक नाही. एक तृतीयांश म्हणजे 0.333…, त्याला तिनाने गुणा, ही युक्ती लवकर पटते, पण चिवट मुलगा लगेच विचारतो की 0.333… तरी नेमकं एक तृतीयांश कशावरून. आणि त्याचं बरोबर असतं.

पैज आधी, प्रयोग नंतर

भौतिकाच्या प्रश्नात प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, खाली एका ओळीत कारण लिहायचं आणि चिठ्ठी उलटी ठेवायची. हे आम्ही फार उशिरा शिकलो. त्याआधी प्रयोग झाल्यावर सगळेच म्हणायचे, “मी तेच म्हणत होतो.”

नावेचा प्रश्न यासाठी उत्तम. ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणात तुम्ही नावेत बसला आहात, नावेत एक जड दगड आहे. (या धरणाचं पुण्याशी नातं आहे. विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला बसवलेले स्वयंचलित दरवाजे पुढे तिघऱ्यालाही बसवले गेले.) दगड उचलून पाण्यात टाकला. धरणाची पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील?

धरणात काही दिसणार नाही, बादली घ्या. बादलीत निम्म्याहून जास्त पाणी, त्यात तरंगणारी स्टीलची पातेली, पातेलीत दगडी बत्ता. आमचा 600 ग्रॅमचा होता. पाणी पूर्ण शांत होऊ द्या, पातळीला मार्करने रेघ मारा. मग बत्ता हळूच पाण्यात सोडा आणि पातेली तशीच तरंगू द्या. पातेली कलंडली आणि तिच्यात पाणी शिरलं तर पहिल्यापासून सुरू करायचं. आमचे पहिले दोन प्रयत्न असेच बुडाले.

पाणी उतरतं. आमच्या बादलीत 7 मिलिमीटरच्या आसपास उतरलं. पातेलीत असताना बत्ता आपल्या वजनाएवढं, म्हणजे 600 ग्रॅम पाणी बाजूला सारत होता. बुडाल्यावर तो फक्त स्वतःच्या आकारमानाएवढं सारतो, आणि दगड पाण्याच्या साधारण अडीचपट जड, म्हणून 240 मिलिलिटर. मधले 360 मिलिलिटर पातळीतून कमी झाले.

चिठ्ठ्या उघडल्यावर उत्तराकडे नंतर बघा, कारणाकडे आधी. ‘उतरेल, कारण नाव हलकी होते’ असं लिहिणाऱ्याचं उत्तर बरोबर आणि कारण अर्धं आहे. दगड काठावर फेकला तरी नाव हलकी होतेच. याउलट ‘तेवढीच राहील, कारण दगड आधीही पाण्यावर होता, आताही पाण्यात आहे’ असं लिहिणाऱ्याची चूक कुठे झाली ते लगेच हातात येतं, आणि तशा चुकीवर बोलायला मजा येते. अडलात तर प्रश्न टोकाला न्या: मोहरीएवढा खडा, पण वजन टनभर. नावेत असताना तो नाव खोल दाबून टनभर पाणी सारतो, बुडाला की मोहरीएवढं. टोकाला नेलं की पुष्कळदा आकडेमोडीची गरजच उरत नाही.

एकक ही फुकटातली तपासणी आहे, ती करा आणि पुढे चला. किल्ल्यावरून, समजा 100 मीटरवरून, दगड सोडला तर खाली यायला किती वेळ? कुणी उंचीची दुप्पट भागिले 9.8 करून 20 सेकंद सांगितले. मीटरला मीटर-प्रति-सेकंद-वर्गाने भागलं तर सेकंदाचा वर्ग येतो, सेकंद नव्हे. म्हणजे वर्गमूळ राहिलं. साडेचार सेकंद, हवेचा अडथळा सोडून. एवढं बघायला भौतिक यावं लागत नाही, खरेदीच्या पावतीवर किलो आणि रुपये वेगळे ओळखता येतात तेवढं पुरे.

मोठ्यांना कसं सांगायचं

हे कुठल्या पुस्तकात नसतं आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त अडतं इथेच. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मुलगी चौदाची. आजोबांच्या चौथ्या ओळीत चूक आहे आणि ती तिला दिसते आहे. ‘आजोबा, तुम्ही चुकलात’ हे आपल्या घरांत तोंडातून निघत नाही, निघालं तर आई डोळे वटारते. मग ती गप्प बसते आणि चूक भिंतीवर तशीच राहते.

आमचा तोडगा असा. माणसाबद्दल बोलायचंच नाही, ओळीबद्दल बोलायचं. सगळं लिखाण क्रमांक घालून करायचं, आणि विचारायचं, “आजोबा, तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली ते मला सांगाल?” बहुतेक वेळा सांगता सांगता आजोबांनाच दिसतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला की आम्ही ओळखतो, सापडलं. आणि कधी कधी मुलीचंच चुकलेलं असतं, तेव्हा हाच प्रश्न तिला शिकवून जातो. ‘उघड आहे’, ‘साहजिकच’, ‘शाळेतलं पोर सांगेल’ हे शब्द ऐकले की मी त्या ओळीखाली लाल रेघ ओढते. माझा अनुभव असा की माणूस हे शब्द नेमके तिथेच घालतो जिथे त्याला स्वतःला खात्री नसते.

‘अमुक थोर माणसाने सांगितलंय’ हेही पुरेसं नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये शून्याच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम लिहिले, ते आपण आजही वापरतो. त्याच ओघात शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असंही त्याने लिहिलं. ते आज कुणी वापरत नाही. ब्रह्मगुप्त त्यामुळे लहान झाला नाही.

आपण चुकलो हे कळलं तर तिथल्या तिथे म्हणा, “माझं चुकलं, या ओळीत.” ओळ सांगणं महत्त्वाचं. नुसतं ‘बरं, तुमचंच खरं’ म्हणणं म्हणजे भांडण टाळणं झालं. आमच्याकडे त्याला मान नाही. आणि खात्री नसेल तर किती खात्री आहे तेही सांगावं: ‘रुपयात बारा आणे’ असं म्हणायची आमची पद्धत आहे. सोळा आणे म्हणणाऱ्याकडून आम्ही पुढच्या रविवारचे पोहे घेतो, चुकला तर.

गावाचा अभिमान जिन्यात ठेवून यावा

नवं माणूस ग्वाल्हेरचं असेल तर पहिल्या दोन बैठकींत एकदा तरी म्हणतंच, “जगातलं पहिलं शून्य आपल्या किल्ल्यावर आहे.” मीही म्हणायची. किल्ल्याच्या चढावर कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या विक्रम संवत 933, म्हणजे इ. स. 876 च्या शिलालेखात देवाच्या बागेसाठी 270 हात लांब आणि 187 हात रुंद जमीन आणि रोजच्या 50 माळांची सोय केल्याची नोंद आहे. 270 आणि 50 मधली शून्यं लहानशी, गोल, आजच्यासारखीच. बघताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू.

पण ‘जगातलं पहिलं’ हा दावा टिकत नाही. कंबोडियातल्या एका शिलालेखात शके 605, म्हणजे इ. स. 683 अशी तारीख कोरलेली आहे आणि त्या 605 मधलं शून्य ठिपक्याने दाखवलेलं आहे. म्हणजे आपल्यापेक्षा जवळपास दोनशे वर्षं जुनं. ब्रह्मगुप्ताचे नियम त्याच्याही आधीचे. अशा वेळी वाद सोडायचा नसतो, दावा लहान करायचा: काळ नक्की ठाऊक असलेल्या, दगडावर कोरलेल्या भारतातल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी एक. एवढ्याला कुणी धक्का लावू शकत नाही, आणि तेवढंही काही थोडं नाही. दावा लहान करता येणं ही हार वाटते सुरुवातीला. मला वाटायला दोन वर्षं लागली की ती तशी नाही.

सहा महिन्यांत एकदा कुणीतरी आपोआप फिरणारं चाक किंवा ‘आइनस्टाइन चुकला’ घेऊन येतं. हसू नका. भास्कराचार्यांनीही बाराव्या शतकात पाऱ्याने भरलेल्या आऱ्यांच्या, सतत फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलं होतं. आधी चहा द्या, मग आकडा मागा. आइनस्टाइनच्या सिद्धांताने 1915 मध्ये बुधाच्या कक्षेतला शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग), तोवर न सुटलेला फरक काढून दाखवला. नव्या सिद्धांताने तो 43 आणून दाखवावा, मग पुढे बोलू. चाकवाल्याला विचारा, बॅटरी आणि मोटार काढून चाक माझ्याकडे पुढच्या रविवारपर्यंत ठेवाल का? पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्येच असल्या चाकांचे प्रस्ताव बघणं बंद केलं. आमच्याकडे रविवार मोकळा असतो, आम्ही एकदा बघतो. दुसऱ्यांदा नाही.

वही

संध्याकाळ संपताना वहीत दोन रकाने भरायचे: ‘मिटला’ आणि ‘राहिला’. मिटलेल्याच्या पुढे कशाने मिटला ते लिहायचं: सिद्धतेने, मोजून, की शब्दाचा अर्थ ठरवून. आमच्या वहीत तिसऱ्या प्रकारच्या नोंदी सर्वांत जास्त आहेत. राहिलेल्याच्या पुढे, काय मिळालं तर मिटेल, ते लिहायचं. तिथे काहीच लिहिता येत नसेल तर तो वाद गप्पांच्या खात्यात टाका आणि जेवायला बसा.

‘राहिला’मधली सगळ्यात जुनी नोंद हत्तींची आहे. जयविलास महालाच्या दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, प्रत्येकी साडेतीन टनांच्या आसपास. ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते अशी गोष्ट इथे प्रत्येक पोराला माहीत असते. कुणी आठ हत्ती सांगतं, कुणी दहा. एक मोठा हत्ती तीन-चार टनांचा धरला तर दहा हत्तींचे 30 ते 40 टन, झुंबरांचे दोन्ही मिळून 7. काका म्हणतात, पाचपट वजन पेललं, विषय संपला. भाचा म्हणतो, हत्ती छतावर पसरून उभे होते आणि झुंबर एका आकड्याला लोंबतं. हत्तींनी छताची परीक्षा घेतली, आकड्याची नाही. आत्या विचारते, हत्ती उभे होते की चालत होते? चालत असतील तर हिशोब वेगळा. समोरच्या ओळीत मी लिहून ठेवलं आहे: ‘छताचा आडवा छेद मिळाला तर’. त्याखाली नववीतल्या मुलीच्या अक्षरात, पेन्सिलीने: ‘आणि हत्ती किती ते’.